कमावलेलं

कानो शहरात माजेमाच्या पेठेत शिरताना
आधी नाक पोचतं, मग माणूस.
बाभळीच्या कुटलेल्या शेंगा, चुना, कबुतरांची शीट,
रांजणातलं काळपट पाणी,
आणि त्यात दिवसचे दिवस गप्प बसलेली
तांबड्या शेळ्यांची कातडी.
पलीकडे दलहातूचं दुकान. दुकान कसलं,
चटई, लाकडी ठोकळा, आरी, रापी,
आणि अकरा वर्षांचा मी, दोऱ्याला मेण लावणारा.

कातडं आयतं मिळत नाही, तो म्हणायचा,
कमवावं लागतं.
जनावर गेलं की उरते ती नुसती साल,
चार दिवसांत सडणारी.
तिला भिजवा, खरवडा, पिळा, पायांनी तुडवा,
तांबड्या ज्वारीच्या ताटांचा रंग पाजा,
मग कुठे ती म्हणते, बरं, राहते.

आसाबे आली त्या दिवशी हवेत वाळवंटाची धूळ होती.
ओढणीखालून तिने पिशवी काढली,
सुती फडक्यात गुंडाळलेली.
"तान्कोची. लेगोसहून आणलेली. अस्सल.
तीन महिन्यांचा पगार ओतला होता ट्रकवाल्याने.
तो गेल्यावर मीच बघते हिच्याकडे.
उन्हात ठेवत नाही. प्लॅस्टिकात कोंडत नाही.
दर शुक्रवारी शेंगदाण्याचं तेल, दोन थेंब,
त्याच्याच जुन्या बनियनने.
चार वर्षं झाली.
ही तेल पीत नाही, दलहातू.
वरच राहतं. माझं काय चुकतं?"

तो लगेच बोलला नाही.
अंगठ्याने दाबून पाहिलं. खरं कातडं
दाबलं की बारीक सुरकुततं, म्हाताऱ्या हातासारखं.
हे नुसतं खचलं आणि वर आलं.
मग केसांची छिद्रं: एका मापाची, एका ओळीत.
शेळीच्या अंगावर कुणी पट्टी धरून केस लावत नाही.
फाटलेल्या कडेतून जाळीचं कापड डोकावत होतं.
शेवटी त्याने पिशवी नाकाशी नेली
आणि माझ्या हातात दिली.
मी हुंगलं. तेल.
दोनशे शुक्रवारांचं तेल,
आणि त्याच्या खाली काहीच नाही.
"रेक्झिन!" मी ओरडलो.
दलहातूने मारलं नाही. फक्त बघितलं.
मारलं असतं तर बरं झालं असतं.

आसाबे बराच वेळ ठोकळ्याकडे बघत राहिली.
"त्याला कुणी फसवलं, का त्याने मला?"
"पिशवीवरून तेवढं कळत नाही, बाई."

मग त्याने धरायचा पट्टा उलटा केला.
बोट पाण्यात बुडवून एक थेंब ठेवला.
थेंब जरा थांबला,
भोवती गडद झाला, आत गेला.
"हा बदललेला आहे. टाका बघ, हाताचा,
घाईत घातलेला. रस्त्यात कुठेतरी जुना तुटला असेल,
कुण्या खेड्यातल्या माणसाने हा लावून दिला.
शेळीचा आहे. आणि मध्ये हे काळं,
चार बोटांएवढं, हे तेल नव्हे."
तिने तिथे आपला हात ठेवला.
दोन्हीकडे काळं उरलं.

त्याने रापीने टाके कापले.
पैसे विचारले तर म्हणाला, शिवायचे घेतो, उसवायचे नाही.
ती तेवढाच पट्टा फडक्यात घेऊन गेली.
उंबऱ्यावरून वळून विचारलं, तेल किती लावू?
"कमी. सहा महिन्यांतून एकदा.
पिणाऱ्याला बुडवायचं नसतं."

पिशवी आमच्याकडेच राहिली. मी तिच्यात खिळे ठेवले.
दलहातू गेला, ठोकळा आता माझा आहे.
पिशवीचे काळे पापुद्रे अजून सुटतात.
झाडताना एखादा बोटाला चिकटतो,
आणि मी, उगाच,
तो नाकाशी नेतो.